दोन किल्ल्यांचा फोटो

निवृत्त झाल्यावर बहुतेक केसेस एकमेकींत मिसळून जातात. चोर कुठल्या केसमधला, गल्ली कुठली, तपास अधिकारी कोण, काही धड लक्षात राहत नाही. द्वारकेतली ती घटना मात्र जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की अजूनही राग येतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

माझी नोकरी दिल्ली पोलिसांत झाली. वडील केंद्र सरकारच्या कचेरीत लागले म्हणून आमचं घर दिल्लीचं झालं. घरात मराठी, ठाण्यात हिंदी आणि कागदावर इंग्रजी, असा मी तिन्हींत वाढलो. शेवटची वर्षं द्वारकेकडच्या जिल्ह्यात सायबर सेलचा इन्स्पेक्टर म्हणून काढली. राहायला मयूर विहार, कामाला द्वारका, त्यामुळे मेट्रोच्या ब्लू लाइनने माझ्या घराण्याला एखादा डबा भेट द्यायला हरकत नाही इतका मी त्यात बसलेलो आहे.

खबर ठाण्यात आली नाही. ती माझ्या घरी, हळदीकुंकवाच्या वाणाची पिशवी हातात घेऊन आली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमातून आमची ही एका तरुण बाईला सोबत घेऊन परतली आणि म्हणाली, ‘‘हिचं जरा ऐकून घ्या.’’ ती मूळची पुण्याची. गुरुग्रामला सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. नवरा मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर. घर द्वारकेच्या एका सोसायटीत, सोबत सासूबाई आणि चार-पाच वर्षांची मुलगी. या केसमध्ये कायद्याने तक्रार सरकारी डॉक्टरांनी करायची असते, पण माझ्या लेखी तक्रारदार हीच होती, म्हणून मी तिला तक्रारदारच म्हणतो.

तिला दिवस गेले होते आणि तिसरा महिना संपत आला होता. सासूबाईंनी एका दलालामार्फत तिची सोनोग्राफी ठरवली होती. पोटात मुलगा की मुलगी ते कळणार होतं. हा गुन्हा आहे हे दिल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण दलालाने सासूबाईंना छातीठोक सांगितलं होतं की रिपोर्टमध्ये काही लिहिलेलं नसेल, कुणी कुणाला फोन करणार नाही, तरी तुम्हाला कळेल.

मी विचारलं, हे तुला आता का सांगावंसं वाटलं? मग तिने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. तोच दलाल, तेच सेंटर. मुलगी आहे असं सांगितलं, आणि घरातल्यांनी तिला मोकळी करून आणली. ‘मोकळी’ हा सासूबाईंचा शब्द. तेव्हा ती काही बोलली नव्हती.

मी तिला साफ सांगितलं की या कायद्यात बाईवर जबरदस्ती झाली असंच धरतात, तुला काही होणार नाही. पण नवऱ्याचं आणि सासूचं नाव कागदावर येईल. ते मी गाळणार नाही. ती म्हणाली, येऊ देत. तिची अट एकच होती.

‘‘काका, काय आहे ते मला कळायला नको. घरच्यांना तर नकोच, पण मलाही नको. एकदा कळलं की मीसुद्धा विचार करायला लागेन.’’

हे ऐकून मी मान डोलावली खरी, पण अट अवघड होती. कारण अशा केसमध्ये साधी पद्धत ठरलेली असते. बनावट ग्राहक पाठवायचा, दलालाने तोंडाने सांगितलं की रेकॉर्ड करायचं आणि धरायचं. ही म्हणत होती की त्याने तोंड उघडण्याआधी धरा. म्हणजे पुराव्याचं मूळच कापून टाका.

दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याच्या आरोग्य विभागातल्या डॉक्टरबाईंना भेटलो. कायद्याने छापा त्यांचा, पोलीस मदतीला. त्या सेंटरवर त्यांचा आधीपासून डोळा होता. दोनदा तपासणी केली होती आणि दोन्ही वेळा हात हलवत परतल्या होत्या. पूर्वी असले लोक निळ्या-लाल शाईने सही करत, जाताना कुठल्या देवाचं नाव घेतलं त्यावरून कळवत. ते सगळं पकडलं गेलं. इथे डॉक्टर आणि दलाल यांच्यात एकही फोन नव्हता, एकही मेसेज नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘‘दोघं एकमेकांना ओळखतात हेच मला सिद्ध करता येत नाही.’’

ठरल्याप्रमाणे तक्रारदार सोनोग्राफीला गेली. दोन दिवसांनी रविवारी सकाळी दलाल निरोप द्यायला घरी येणार होता. आम्ही त्याला सोसायटीच्या गेटवर, रजिस्टरमध्ये खोटं नाव लिहीत असतानाच उचलला. वर सासूबाईंनी त्याच्यासाठी पोहे करून ठेवले होते. ते बहुधा आमच्या महिला कॉन्स्टेबलने खाल्ले.

दलाल पन्नाशीचा, गोड बोलणारा, बोटात अंगठ्या. हेल्थ पॅकेज विकतो म्हणाला. त्याच्या लॅपटॉपमध्ये तक्रारदाराच्या सोनोग्राफीची फाइल निघाली. मी म्हटलं, हे काय? तो अजिबात गडबडला नाही.

‘‘साहब, लिंक तो घरवालों ने भेजी थी। मुझसे तो खुलती भी नहीं। आप खोलकर दिखा दो।’’

खरंच उघडत नव्हती. ते सेंटर पेशंटच्या प्रत्येक फोटोला डिजिटल कुलूप घालून ठेवायचं. उघडायला किल्ली, म्हणजे पासवर्ड लागायचा आणि तो फक्त पेशंटकडे असायचा. किल्लीशिवाय फाइल उघडली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या, जुन्या टीव्हीवर केबल गेल्यावर दिसायच्या तशा. सासूबाईंना सुनेने लिंक दिली होती, पासवर्ड दिला नव्हता.

मग सेंटरच्या डॉक्टरला बोलावलं. हा सभ्य, शिकलेला, हळू आवाजात बोलणारा. त्याच्या सेंटरच्या भिंतीवर ‘यहाँ लिंग जाँच नहीं होती’ हा सक्तीचा बोर्ड चांगल्या लाकडी फ्रेममध्ये लावलेला होता. माझा अनुभव असा की जो माणूस सक्तीच्या बोर्डाला फ्रेम करतो त्याच्याकडे जरा थांबून बघावं. त्याने स्वतःहून सहकार्य केलं. पेशंटची परवानगी घ्या, फोटो उघडा, हवं तितकं तपासा, म्हणाला. कुलूप कशासाठी? पेशंटच्या खाजगीपणासाठी. आम्ही तक्रारदाराकडून पासवर्ड घेतला, फोटो उघडला. डॉक्टरबाईंनी भिंग लावून बघितला. कुठे खूण नाही, अक्षर नाही, ठिपका नाही.

दोघंही खरं बोलत होते, आणि मला तेच खुपत होतं. खोटं बोलणारा माणूस कुठेतरी जास्त बोलतो. हे दोघं विचारलं तेवढंच बोलत होते, कारण त्यांना खोटं बोलायची गरजच पडत नव्हती. कायद्याने दिलेली मुदत संपली की दलाल सुटणार, डॉक्टर वर्तमानपत्रात आमची लाज काढणार, आणि ती बाई त्याच घरात परत जाणार. तिच्या नवऱ्याचं तोवर तिला विचारून झालं होतं की पोलिसांना कुणी कळवलं.

गाठ सुटली ती आमच्या रटाळ कामातून. पुण्या-मुंबईकडे ज्याला पंचनामा म्हणतात त्याला आमच्याकडे सीझर मेमो म्हणतात. डिजिटल फाइल जप्त केली की तिचा हॅश त्यात लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणा. फाइलमध्ये एक कणही बदलला तर ठसा बदलतो. आमच्या हेड कॉन्स्टेबलने तक्रारदाराच्या फोनमधल्या फाइलचा ठसा लिहिला आणि दलालाच्या लॅपटॉपमधल्या फाइलचा लिहिला. एकाच लिंकवरून उतरवलेली एकच फाइल, तर ठसा एकच हवा. दोन वेगळे आले. मी त्याला झापलं की धड बघून लिहीत जा. तो शांतपणे म्हणाला, ‘‘सर, दोबारा करके देख लिया, वही आ रहा है।’’

मी तक्रारदाराला फोन लावला. तिने आधी विचारलं, फोनमधली घेतलीत का माझ्या लॅपटॉपमधली? मी म्हटलं, फोनमधली. लॅपटॉपमध्ये पण आहे? ती म्हणाली, आहे ना. दुपारी सेंटरमधून बाहेर पडल्यावर लिंक आली तेव्हा तिने फोनवर उतरवली, आणि संध्याकाळी घरी लॅपटॉपवर पुन्हा उतरवली. का? तर तिच्या कामात कुठलीही फाइल दोनदा घेऊन ताडून बघायची सवयच असते. संध्याकाळच्या फाइलचा ठसा दलालाच्या फाइलशी तंतोतंत जुळला.

म्हणजे दुपार आणि संध्याकाळ यांच्यामध्ये कुणीतरी सेंटरच्या सर्व्हरवरच्या त्या कुलूपबंद फाइलला हात लावला होता. आणि गंमत अशी की पासवर्ड घालून दोन्ही उघडल्या तर चित्र एकच. डोळ्याला केसाचाही फरक दिसत नव्हता.

‘‘काका, फोटोत काही नाहीये,’’ ती म्हणाली. ‘‘जे काही आहे ते कुलपाच्या आत सरकवलंय. फोटो उघडला की ते दिसतच नाही.’’

सरकारी लॅबच्या तज्ज्ञांनी नंतर तेच सांगितलं, फक्त लांबण लावून. आधीच कुलूप लावलेल्या फोटोत, तो न उघडता, दुसऱ्या किल्लीने एखादा मजकूर दडवता येतो. कुलूप लावलेल्या पेटीच्या फटीतून चिठ्ठी सरकवावी तसं. पहिली किल्ली असलेल्याला फोटो दिसतो, चिठ्ठीचा पत्ताही लागत नाही. दुसरी किल्ली असलेल्याला चिठ्ठी मिळते, फोटो दिसत नाही. डॉक्टर चिठ्ठी सरकवत होता, दलाल वाचत होता, आणि एकदा किल्ली ठरल्यावर दोघांना पुन्हा आयुष्यात एकमेकांशी एक शब्द बोलायची गरज नव्हती. फाइल काय, प्रत्येक घरातले लोक आपणहून दलालाला पाठवत होते.

दलालाला मी पुन्हा समोर बसवलं. चहा मागवला. त्याच्या लॅपटॉपवर एक बिननावाचा प्रोग्रॅम होता. हा कशाचा? म्हणाला, फोटोचे रंग ठीक करतो साहेब. मी माझ्या मोबाईलमधला सौभाग्यवतीचा एक फोटो लॅपटॉपवर घेतला. वैष्णोदेवीला काढलेला, उन्हाने पार पांढरा पडलेला. म्हटलं, घे, एवढे रंग ठीक करून दे, मी तुझा आभारी राहीन. त्याने इकडे दाबलं, तिकडे दाबलं. चहा गार झाला. तेव्हा पहिल्यांदा त्याने विचारल्यापेक्षा जास्त बोलायला सुरुवात केली, आणि मी खुर्चीत मागे टेकून बसलो. माणूस एकदा समजावून सांगायला लागला की थांबवायचा नाही.

संध्याकाळपर्यंत तो रडून मोकळा झाला. किल्ली त्याला पाठ होती. लॅबमध्ये पंचांसमोर तक्रारदाराची फाइल त्या प्रोग्रॅममध्ये घातली, किल्ली दिली. पडद्यावर एक अक्षर आलं. बास, एकच अक्षर. तज्ज्ञांनी पाहिलं, डॉक्टरबाईंनी पाहिलं, पंचांनी पाहिलं, मी पाहिलं. डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना बजावलं की हे बाहेर सांगणं हा याच कायद्याखाली गुन्हा आहे, मग सांगणारा पोलीस का असेना. कागद पाकिटात घातला, लाखेचं सील केलं, आणि बाळंतपण होईपर्यंत आरोपींना त्या पानाची नक्कल मिळू नये असा अर्ज कोर्टात दिला. न्यायाधीशांनी तो लगेच मंजूर केला. काय अक्षर होतं ते मी इथेही लगेच सांगत नाही. सवय लागली आहे.

डॉक्टरला अटक झाली. नवरा आणि सासूबाई जामिनावर सुटले. तक्रारदार मुलीला घेऊन माहेरी पुण्याला गेली. बाळंतपणाला माहेरी गेली असं सोसायटीत सांगायला सगळ्यांनाच सोयीचं होतं.

त्यानंतर मला कळलं की एक अक्षर सांभाळणं किती जड असतं. नवरा ठाण्यात आला. कंपनीच्या बसमधून थेट आलेला, गळ्यात आयकार्ड तसंच. तो वाईट माणूस नव्हता. आईपुढे बोलायची सवय नसलेला होता, आणि अशांच्या हातून जे होतं ते वाईट माणसाच्या हातून होतं तेवढंच वाईट असतं. सर, केस व्हायची ती होऊ दे, म्हणाला, पण तुम्हाला तर आता माहीत आहे. मी म्हटलं, तुम्ही विचारताय त्याचीच ठाण्याच्या डायरीत एक वेगळी डीडी एंट्री करू का? तो उठून गेला.

सासूबाई आमच्या घरी आल्या, माझी गाठ न घेता हिच्याकडे. नारळ, ब्लाउजपीस, डोळ्यांत पाणी. हिला काही माहीत नव्हतं, त्यामुळे ती सुखाने म्हणाली की मला काही माहीत नाही. रात्री जेवताना मात्र मला विचारलं, ‘‘मला तरी सांगा ना.’’ मी कोशिंबीर वाढून घेतली.

मग पुण्याहून फोन आला. तक्रारदाराचा आवाज दमलेला होता. ‘‘काका, मुलगा झाला. दोघं ठीक आहोत. तुम्हाला तर आधीपासून माहीत होतं.’’

मी अभिनंदन केलं, तब्येतीची चौकशी केली, फोन ठेवला. पाकिटातलं अक्षर मुलीचं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरबाईंकडे गेलो. तोवर लॅबने सेंटरच्या सर्व्हरवरच्या बाकीच्या फाइलींतल्या चिठ्ठ्याही काढून दिल्या होत्या, पण त्या फोटोंशी ताडून कुणी पाहिल्या नव्हत्या. आम्हाला चिठ्ठी सापडली यातच आम्ही खूश होतो. डॉक्टरबाईंनी पेशंटना बोलावून, परवानग्या घेऊन एकेक फोटो उघडायला सुरुवात केली. चिठ्ठ्यांत मधूनमधून मुलगा होता. बाकी मुलगी, मुलगी, मुलगी. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘यातल्या बऱ्याच फोटोंत काहीच दिसत नाही. इतक्या लवकर, या कोनातून, कुणालाच दिसणार नाही. याने बघितलेलंच नाही.’’

डॉक्टर तेव्हा जामिनावर होता. वकिलाच्या समोर मी त्याला एवढंच विचारलं की मुलगा कधी लिहायचा? उत्तर दलालाकडून मिळालं. मुलगा सांगितला तर घरचे पेढे वाटून मोकळे होतात, मुलगी सांगितली तर पुढचं ऑपरेशनही आपल्याकडेच येतं. नाव टिकावं म्हणून अधूनमधून मुलगा. हे सांगताना त्याने आवाज खाली केला होता, जणू भिंतीला कान असतील म्हणून.

ही बातमी ठाण्यात पसरली आणि मी एक गोष्ट पाहिली जी माझ्याने विसरवत नाही. इतके महिने या केसकडे ढुंकूनही न बघणारे लोक माझ्या खोलीत यायला लागले. ‘‘सर, मतलब लड़के भी गिरवा दिए इन्होंने?’’ एक सहकारी डोळे विस्फारून म्हणाला. चांगला माणूस, स्वतः दोन मुलींचा बाप. मला त्याच्या त्या ‘भी’ची चीड आली. आदल्या दिवसापर्यंत ही केस होती, त्या दिवसापासून ती अनर्थ झाली. सासूबाईंनी द्वारकेत पेढे वाटले. त्यांच्यावर आरोपपत्र होतं तरी वाटले. आमच्याकडेही एक डबा आला, तो मी परत पाठवला.

तक्रारदार नंतर साक्षीसाठी दिल्लीला आली. नवऱ्याकडे गेली नाही, मंडळातल्या एका मैत्रिणीकडे उतरली. साक्ष ठाम दिली. बचाव पक्षाच्या वकिलाने तिला सासरच्यांवर सूड उगवते आहेस म्हणून फार छळलं, तिचा आवाज एकदाही चढला नाही. त्याच संध्याकाळी ती मयूर विहारला आमच्या घरी आली. बाळ हिच्या मांडीवर झोपलं होतं, मोठी मुलगी टीव्हीसमोर. तिने माझ्याकडे बघत विचारलं की मागच्या वेळची तिची फाइलही सर्व्हरवर होती का.

होती. तिच्याच परवानगीने उघडलेली होती, निकाल तिला पाहायचा नव्हता एवढंच. आता कायद्याची आडकाठी नव्हती. मी सांगितलं की चिठ्ठीत मुलगी लिहिलेलं होतं, आणि डॉक्टरबाईंनी फोटो पाहून खाली शेरा मारला आहे की काहीही सांगता येत नाही.

‘‘म्हणजे कोण होतं ते कुणालाच माहीत नाही?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘कधी कळणारही नाही.’’

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं. तंत्रज्ञान वगैरे ते ठीक आहे, उद्या याहून भारी येईल. मी शिकलो ते असं की जे कुलपात ठेवलंय ते खरंच असणार, असं आपण सगळेच धरून चालतो. सासूबाईंनी धरलं, नवऱ्याने धरलं, आणि सील मारून, कोर्टात अर्ज देऊन, महिनोन् महिने छातीशी धरून मीही तेच धरलं. इतक्या जपून लपवलेलं अक्षर, ते काय उगाच लिहिलं असेल? उगाचच लिहिलं होतं. बाहेर कुणी मोठ्याने सांगितलं असतं तर एखाद्याने तरी विचारलं असतं, कशावरून.

तक्रारदाराने चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन विसळला. बाहेर येऊन तिने बाळाला उचललं.

‘‘जी गेली तिला मी मनातल्या मनात नाव ठेवलं होतं, काका. रोज त्याच नावाने आठवते.’’ बाळाला खांद्यावर घेत ती म्हणाली, ‘‘ते आता बदलणार नाही.’’

मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेलो. नाव काय, ते मी विचारलं नाही.